विनंतीकडून विनंतीकडे : जावा-आधारित संगणक प्रणालींतील माहितीचे वहन

उत्पन्नाचा दाखला, जमिनीचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, घरपट्टीचा भरणा अशी अनेक कामे आता संगणकाच्या पडद्यावरून होऊ लागली आहेत. अर्जदार घरून, शाळेतून अथवा गावातील सेवा केंद्रातून अर्ज भरतो. पहिल्या पानावर नाव व पत्ता, दुसऱ्यावर कुटुंबाची माहिती, तिसऱ्यावर कागदपत्रे आणि चौथ्यावर शुल्क, असा सर्वसाधारण क्रम असतो. चौथ्या पानावर पोहोचताच पहिल्या पानावरील मजकूर नाहीसा व्हावा, शुल्क दोनदा कापले जावे, किंवा एकाच्या अर्जात दुसऱ्याचा पत्ता उमटावा, असे प्रकार घडले की यंत्राला दोष दिला जातो. वस्तुतः यंत्र सांगितले तेवढेच करीत असते. एका पानावरची माहिती पुढच्या पानापर्यंत कोणत्या मार्गाने न्यावी, याचा निर्णय प्रणाली रचताना चुकलेला असतो.

हा निर्णय प्रत्यक्ष घेणारा तंत्रज्ञ असला, तरी त्याची फळे अर्जदाराला भोगावी लागतात आणि उत्तर अधिकाऱ्याला द्यावे लागते. यास्तव या विषयाची मूलतत्त्वे जावा या संगणकभाषेत रचलेल्या प्रणालींच्या आधारे येथे मांडली आहेत.

विस्मरण हाच मूळ नियम

अर्जदाराच्या संगणकावरील ब्राउझर आणि दूरच्या ठिकाणी असलेला सर्व्हर यांचा संवाद ‘एचटीटीपी’ नावाच्या नियमावलीनुसार चालतो. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या योजनेतून ही व्यवस्था उभी राहिली. तिच्या १.० या आवृत्तीचे वर्णन मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्राउझरने एक विनंती पाठवावी, सर्व्हरने एक प्रतिसाद द्यावा आणि तेथे तो व्यवहार संपावा, एवढीच तिची मूळ कल्पना होती. पुढील विनंती आली की सर्व्हरच्या दृष्टीने ती सर्वस्वी नवी असते. मागची विनंती कोणी केली होती, त्यात काय लिहिले होते, याचे स्मरण ठेवण्याचे बंधन नियमावलीने सर्व्हरवर घातलेले नाही.

कचेरीच्या खिडकीवर बसलेल्या एखाद्या कारकुनाची कल्पना करावी. तो प्रत्येक माणसाचे काम चोख करतो, परंतु माणूस खिडकीसमोरून हलताच त्याला विसरतो. तोच माणूस दुसऱ्या क्षणी परत आला तरी त्याला “आपण कोण?” असे विचारतो. असा कारकून निरुपयोगी वाटेल. पण त्याच्यापुढे हजारो माणसांची रांग असेल, तर या विस्मरणाचा लाभही आहे. कोणाचेच ओझे डोक्यावर नसल्यामुळे तो झपाट्याने काम करतो, आणि त्याच्या जागी दुसरा कारकून बसला तरी काम अडत नाही. जगभर पसरलेल्या जाळ्याला अशीच सुटसुटीत रचना हवी होती.

अडचण उद्भवते ती अनेक पानांच्या कामात. तेथे स्मरण आवश्यकच असते. नियमावली ते आपोआप देत नसल्यामुळे प्रणाली रचणाऱ्याला ते जाणीवपूर्वक निर्माण करावे लागते. कोणती माहिती, कोठे, किती काळ आणि कोणाच्या हाती ठेवावयाची, या चार प्रश्नांची उत्तरे म्हणजेच प्रस्तुत विषय होय.

जावामधील व्यवस्था

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ मध्ये जाहीर केली. सर्व्हरवर विनंत्या स्वीकारणाऱ्या जावा-घटकांना ‘सर्व्हलेट’ हे नाव मिळाले. २०१० मध्ये ती कंपनी ओरॅकलकडे गेली. पुढे सर्व्हलेटचे मानक एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्यात आले असून आता ते ‘जकार्ता सर्व्हलेट’ या नावाने ओळखले जाते. नावे बदलली तरी माहिती ठेवण्याच्या मूळ जागा त्याच राहिल्या आहेत. त्यांपैकी तीन जागा प्रमुख आहेत.

पहिली जागा म्हणजे खुद्द विनंती. तिला जोडलेली माहिती त्या विनंतीचा प्रतिसाद जाईपर्यंतच टिकते. दुसरी जागा म्हणजे सेशन. एका ब्राउझरच्या लागोपाठ येणाऱ्या विनंत्यांसाठी सर्व्हरने राखलेला तो कप्पा असतो. तिसरी जागा संपूर्ण प्रणालीची सामायिक जागा होय. तिला सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट म्हणतात आणि तेथील माहिती प्रत्येकाच्या विनंतीला उपलब्ध असते. कचेरीच्या भाषेत बोलायचे तर पहिली म्हणजे हातातील कागदावरचा शेरा, दुसरी म्हणजे अर्जदाराच्या क्रमांकाचा कपाटातील कप्पा आणि तिसरी म्हणजे भिंतीवरील सूचना फलक. तालुक्यांची यादी फलकावर लावण्यास हरकत नाही. अर्जदाराचे उत्पन्न मात्र फलकावर लावता येत नाही.

फॉरवर्ड आणि रिडायरेक्ट

एका घटकाने काम आटोपल्यावर ते दुसऱ्या घटकाकडे सोपविण्याच्या दोन रीती आहेत. त्यांतील भेद नीट न कळल्याने नवशिक्या तंत्रज्ञांच्या पुष्कळ चुका होतात.

फॉरवर्ड या रीतीत तीच विनंती सर्व्हरच्या आतल्या आत पुढील घटकाकडे जाते. ब्राउझरला याचा पत्ताही नसतो. त्याच्या पडद्यावरील पत्ता बदलत नाही. एका टेबलावरचा कागद शेऱ्यासह शेजारच्या टेबलावर सरकविला जातो, तसाच हा प्रकार आहे. विनंती एकच असल्यामुळे पहिल्या घटकाने तिला जोडलेली माहिती दुसऱ्याला जशीच्या तशी मिळते.

रिडायरेक्ट या रीतीत सर्व्हर ब्राउझरला उत्तर देतो की, “अमुक पत्त्यावर पुन्हा विचारणा करावी.” हे उत्तर बहुधा ३०२ या सांकेतिक क्रमांकाने जाते. त्यानुसार ब्राउझर नव्या पत्त्यावर नवी विनंती पाठवितो. पहिली विनंती तेथेच संपलेली असते आणि तिला जोडलेली माहितीही तिच्याबरोबर संपते. “अर्ज स्वीकारला, क्रमांक अमुक” हा संदेश पहिल्या विनंतीला जोडून रिडायरेक्ट केले, तर नव्या पानावर संदेशाची जागा कोरी दिसते. तंत्रज्ञाला वाटते की माहिती हरवली. खरे तर ती संपलेल्या विनंतीवर ठेवली गेली होती.

मग रिडायरेक्ट वापरावेच कशासाठी? शुल्क भरल्यावर फॉरवर्डने पावतीचे पान दाखविले, आणि अर्जदाराने ते पान ताजे करण्याचे बटण दाबले, तर शुल्क भरण्याचीच विनंती पुन्हा जाण्याचा संभव असतो. रिडायरेक्टने पावती दाखविली, तर पान ताजे केल्यावर केवळ पावती पुन्हा मागितली जाते. म्हणून नोंद करणाऱ्या प्रत्येक विनंतीनंतर रिडायरेक्ट करणे हा मान्य प्रघात झाला आहे. तथापि अर्जदाराने एकच बटण घाईने दोनदा दाबल्यास एवढ्याने संरक्षण होत नाही. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराला अगोदरच एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकाची नोंद सर्व्हरने एकदाच स्वीकारावी.

रिडायरेक्टच्या पलीकडे छोटासा संदेश नेण्यासाठी ‘फ्लॅश’ नावाची सोय आहे. संदेश तात्पुरता सेशनमध्ये ठेवला जातो, पुढील विनंतीत वाचला जातो आणि वाचताच काढून टाकला जातो. जावासर्व्हर फेसेसच्या २.० आवृत्तीत २००९ मध्ये आणि स्प्रिंगच्या ३.१ आवृत्तीत २०११ मध्ये ही सोय आली. पावतीचा क्रमांक अथवा “नोंद झाली” असा संदेश नेण्यास ती पुरेशी आहे. संपूर्ण अर्ज वाहून नेण्यासाठी ती योजिलेली नाही.

कुकी आणि सेशन

सर्व्हरने कप्पा राखला, तरी तो कोणाचा हे विनंतीवरून ओळखावयाचे कसे? याचे उत्तर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी योजिलेल्या ‘कुकी’ने दिले. सर्व्हर प्रतिसादासोबत एक लहानशी चिठ्ठी पाठवितो आणि ब्राउझर ती पुढील प्रत्येक विनंतीसोबत परत दाखवितो. जावाच्या व्यवस्थेत या चिठ्ठीचे ठरलेले नाव ‘जेसेशनआयडी’ असे आहे. तिच्यात अर्जदाराचे नाव वा उत्पन्न नसते. केवळ कप्प्याचा क्रमांक असतो. टॉमकॅट या बहुपरिचित सर्व्हरमध्ये हा क्रमांक यादृच्छिक रीतीने तयार होतो व सर्वसाधारणपणे ३२ अक्षरांचा असतो, जेणेकरून तो अंदाजाने ओळखता येऊ नये.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, ज्याच्या हाती हा क्रमांक पडेल, त्यालाच सर्व्हर खरा अर्जदार समजतो. म्हणून चिठ्ठी केवळ सुरक्षित जोडणीवरूनच जावी, पानातील इतर लिपींना ती वाचता येऊ नये आणि लॉगिन होताच क्रमांक बदलावा, हे तीन नियम पाळणे अगत्याचे आहे. क्रमांक बदलण्याची थेट सोय सर्व्हलेटच्या ३.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून उपलब्ध आहे. दोन, कप्पा कायमचा राखता येत नाही. शेवटच्या विनंतीनंतर ठराविक काळ नवी विनंती आली नाही, तर सर्व्हर तो रिकामा करतो. टॉमकॅटच्या मूळ मांडणीत ही मुदत ३० मिनिटांची असते.

या मुदतीसंबंधी एक बारकावा अर्जदारांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. पडद्यावर मजकूर टंकित करणे म्हणजे सर्व्हरकडे विनंती पाठविणे नव्हे. एखादा शेतकरी एकाच पानावर पाऊण तास सावकाश लिहीत बसला, तर त्या काळात सर्व्हरला त्याची चाहूलही लागलेली नसू शकते. तो ‘पुढे’ हे बटण दाबतो तेव्हा कप्पा रिकामा झालेला असतो आणि त्याला पुन्हा लॉगिनच्या पानावर धाडले जाते. पाऊण तासाची मेहनत वाया जाते. मुदत बेसुमार वाढविणे हा यावरील योग्य उपाय नव्हे, कारण सामायिक संगणकावर उघडे राहिलेले सेशन धोक्याचे असते. योग्य उपाय असा की, पानागणिक भरलेला मजकूर ‘मसुदा’ म्हणून कायमच्या नोंदसाठ्यात जपावा, लांब पान असेल तर अधूनमधून आपोआप जपावा आणि मुदत संपण्यापूर्वी पडद्यावर सूचना द्यावी.

एक सेशन, दोन अर्ज

सेवा केंद्रातील चालकाच्या बाबतीत वेगळीच अडचण उद्भवते. समजा, त्याने एका टॅबमध्ये वडिलांचा अर्ज उघडला व कागदपत्रे येईपर्यंत दुसऱ्या टॅबमध्ये मुलाचा अर्ज सुरू केला. ब्राउझर एकच, कुकी एकच, म्हणून सेशनही एकच. प्रणालीने ‘चालू अर्ज’ या नावाने एकच जागा राखली असेल, तर मुलाचा अर्ज वडिलांच्या अर्जाची जागा घेतो. चालक पहिल्या टॅबवर परत येऊन ‘सादर करा’ हे बटण दाबतो आणि वडिलांची समजून मुलाची माहिती सादर होते. चालकाने काहीही वावगे केलेले नसते.

यावर उपाय असा : प्रत्येक अर्जाला आरंभीच स्वतंत्र क्रमांक द्यावा, तो त्या अर्जाच्या प्रत्येक पानासोबत पाठवावा आणि माहिती त्या क्रमांकाखाली ठेवावी. सेशनमध्ये केवळ लॉगिन केलेली व्यक्ती कोण, एवढीच ओळख राखावी.

हा क्रमांक पानासोबत नेण्यासाठी अदृश्य रकाना किंवा पत्त्यातील प्रश्नचिन्हानंतरचा भाग वापरला जातो. दोन्ही मार्ग सोयीचे आहेत. परंतु दोन्हींतील मजकूर अर्जदाराच्या संगणकावर असतो व तो बदलता येतो. अदृश्य याचा अर्थ अपरिवर्तनीय असा होत नाही. शुल्काची रक्कम अदृश्य रकान्यात ठेवून परत आलेल्या आकड्यावर विश्वास टाकणे म्हणजे भरणा किती करावयाचा हे भरणाऱ्यालाच ठरवू देणे होय. तद्वत, पत्त्यातील अर्ज क्रमांक बदलला असता शेजाऱ्याचा अर्ज उघडत असेल, तर ती गंभीर उणीव समजावी. आलेला क्रमांक लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या अधिकारातील आहे काय, हे सर्व्हरने प्रत्येक वेळी तपासलेच पाहिजे. शिवाय पत्त्यातील मजकूर ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या नोंदवह्यांत उतरतो. म्हणून परवलीचा शब्द, आधार क्रमांक यांसारखी माहिती पत्त्यात कदापि नसावी.

सर्वांत घातक चूक

आणखी एका चुकीचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. सर्वसाधारणपणे सर्व्हर प्रत्येक सर्व्हलेटची एकच प्रत तयार करतो आणि तीच प्रत सर्व अर्जदारांच्या विनंत्या एकाच वेळी हाताळते. प्रत्येक विनंतीसाठी स्वतंत्र ‘थ्रेड’ कामास लागतो. टॉमकॅटच्या मूळ मांडणीत अशा थ्रेडची कमाल संख्या २०० असते. आता एखाद्या तंत्रज्ञाने अर्जदाराचे नाव सर्व्हलेटच्या स्वतःच्या चलात ठेवले, तर ती जागा सर्वांसाठी एकच ठरते. एका गावच्या अर्जदाराचे नाव तेथे लिहिले जाते, त्याच क्षणी दुसऱ्या गावच्या अर्जदाराचे नाव त्यावर उमटते, आणि पहिल्याच्या दाखल्यावर दुसऱ्याचे नाव छापले जाते.

ही चूक सहसा चाचणीत सापडत नाही, कारण चाचणी करणारा एकटाच असतो. प्रत्यक्ष वापरात, शेवटच्या तारखेच्या गर्दीत ती उघड होते आणि पुन्हा तपासू जाता दिसेनाशी होते. यास्तव व्यक्तीची माहिती सर्व्हलेटच्या सामायिक चलात ठेवू नये, हा नियम अपवादरहित मानावा.

मोठ्या प्रणालीत एकाऐवजी अनेक सर्व्हर असतात. पहिली विनंती एकाकडे व दुसरी दुसऱ्याकडे गेली, तर दुसऱ्याच्या कपाटात तो कप्पा नसतो. अशा वेळी एका अर्जदाराच्या विनंत्या एकाच सर्व्हरकडे वळविणे, कप्प्याच्या प्रती सर्व सर्व्हरांत ठेवणे अथवा सर्वांसाठी एकच नोंदसाठा राखणे, असे तीन मार्ग आहेत. तिन्हींत सेशन जितके लहान, तितके काम सुकर होते.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

हा पाठ संगणकाविनाही शिकविता येतो. एका विद्यार्थ्याला खिडकीवरील कारकून करावे व प्रत्येक भेटीनंतर लिहिलेला कागद फाडून टाकण्याची अट घालावी. इतर चौघांनी आपापला अर्ज चार भागांत आणून द्यावा. अर्ज पुरा होत नाही, हे पहिल्याच फेरीत ध्यानात येईल. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला द्यावा व त्या क्रमांकाचा लिफाफा कारकुनाजवळ ठेवावा. आता काम जमेल. तिसऱ्या फेरीत एकाच बिल्ल्यावर दोन अर्ज आणावेत आणि चौथ्या फेरीत दोघांनी बिल्ल्यांची अदलाबदल करावी. सेशन, दोन टॅबचा गोंधळ आणि कुकीची चोरी या तिन्ही कल्पना विद्यार्थी स्वतःच शोधून काढतील.

अधिकारी व नागरिक यांचे कर्तव्य

प्रणाली स्वीकारण्यापूर्वी अधिकाऱ्याने तंत्रज्ञ नसतानाही काही चाचण्या आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्याव्यात. दोन टॅबमध्ये दोन अर्ज भरून पाहावेत. दोन संगणकांवरून एकाच क्षणी, आणि शक्य तर मोठ्या संख्येने, भिन्न नावांचे अर्ज सादर करवावेत. पावतीचे पान ताजे करून शुल्काची दुसरी नोंद होते काय, ते तपासावे. पत्त्यातील क्रमांक बदलून परक्याचा अर्ज उघडतो काय, ते पाहावे. मुदत संपू देऊन मसुदा शिल्लक राहतो काय, याची खात्री करावी. अनेक सर्व्हर असतील तर त्यांतील एक बंद करून अर्ज पुढे चालतो काय, हेही पाहावे. या चाचण्यांस विशेष खर्च येत नाही; त्या न केल्यास होणारा मनस्ताप मात्र अर्जदारांच्या वाट्याला येतो.

नागरिकांनी सामायिक संगणकावर काम आटोपल्यावर ‘लॉगआउट’ अवश्य करावे. नुसता टॅब बंद केल्याने सर्व्हरवरील कप्पा बंद होत नाही. मुदत संपेपर्यंत तो उघडाच राहतो. शुल्क भरताना पान अडकल्यास बटण पुनःपुन्हा दाबण्याऐवजी प्रथम व्यवहाराची स्थिती तपासावी. लांब अर्ज भरताना मसुदा जपण्याची सोय असल्यास ती वेळोवेळी वापरावी. सादर करण्यापूर्वी अंतिम पानावरील नाव, पत्ता व रक्कम एकदा वाचून पाहावी, आणि दुसऱ्याची माहिती दिसल्यास तत्काळ कचेरीला कळवावे.

सारांश, क्षणापुरती माहिती विनंतीवर, एका पावलापुरता संदेश फ्लॅशमध्ये, ओळख सेशनमध्ये, अर्जाचा मजकूर नोंदसाठ्यात त्याच्या क्रमांकाखाली आणि सर्वांची माहिती तेवढी सामायिक जागेत ठेवावी. प्रत्येक माहितीला आवश्यक तितकाच काळ आणि आवश्यक तितकेच हात लाभावेत. हे पथ्य पाळले गेले, तर दूरच्या खेड्यातील अर्जदाराने पहिल्या पानावर लिहिलेले नाव अखेरच्या दाखल्यावर अचूक उमटेल, आणि ते त्याचेच असेल.